वाचकांच्या शंका : मेंदूच्या आणि मज्जातंतूंच्या गाठींवरील शोधनिबंध

मेंदूतील आणि मज्जातंतूंवरील गाठींविषयी प्रसिद्ध होणारे संशोधन आता कोणालाही घरबसल्या वाचता येते, आणि घरात असे निदान झाले की त्याच रात्री कोणीतरी ते वाचायला बसते. अशा वाचनातून आलेल्या काही शंकांची उत्तरे या वेळच्या सदरात दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पाठवणाऱ्यांची नावे गाळली आहेत. ही उत्तरे निबंध समजून घेण्यापुरती आहेत. कोणा एका रुग्णाचा उपचार त्यांवरून ठरवू नये.

प्रश्न : माझ्या मेहुण्यांच्या मेंदूत गाठ आढळली आहे. ज्या शल्यविशारदांकडे शस्त्रक्रिया करावी असे घरात चालले आहे, त्यांच्या नावावर मेंदूच्या आणि मज्जातंतूंच्या गाठींवरील शंभराहून अधिक शोधनिबंध आहेत. दुसऱ्या एका डॉक्टरांच्या नावावर जेमतेम चार-पाच आहेत. यावरून निवड करावी का?

उत्तर : यादी लांब आहे म्हणजे हात सराईत असणार, असे कोणालाही वाटेल, पण यादीतला निबंध कशाचा आहे हे पाहिल्याशिवाय त्या लांबीवरून काहीच ठरत नाही. एखाद्या दुर्मीळ गाठीच्या एकाच रुग्णाची हकिकत दोन पानांत मांडलेली असते, तीही एक निबंध म्हणून मोजली जाते. अनेक रुग्णालयांनी मिळून वर्षानुवर्षे चालवलेली आणि पन्नास लेखकांची नावे असलेली चाचणीही एकच मोजली जाते. आणि इतरांच्या निबंधांचा आढावा घेणारा लेख, ज्यासाठी लेखकाने एकही नवा रुग्ण तपासलेला नसतो, तोही एकच. काही निबंध प्रयोगशाळेतले असतात. ग्लायोमाच्या (मेंदूतील आधारपेशींपासून होणाऱ्या गाठीच्या) पेशींतील एखाद्या प्रथिनावर उत्तम काम केलेल्या माणसाला कवटीच्या तळाशी असलेली गाठ काढण्याचा अनुभव असेलच असे नाही, आणि तसा दावा तो स्वतःही करणार नाही.

नावांचा क्रमही पाहावा. वैद्यकीय निबंधांत पहिले नाव बहुतांश काम प्रत्यक्ष केलेल्या व्यक्तीचे आणि शेवटचे नाव त्या कामाची दिशा ठरवणाऱ्या ज्येष्ठाचे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. मधल्या नावांचा वाटा मोठा असू शकतो, किंवा काही रुग्णांची माहिती पुरवण्यापुरताही असू शकतो.

आपल्याला हवा असतो तो एका विशिष्ट प्रकारचा निबंध : या जागेवरच्या, या जातीच्या गाठीचे किती रुग्ण एका ओळीने, कोणालाही न वगळता, त्या डॉक्टरांनी हाताळले, त्यांपैकी किती जणांची गाठ पूर्ण निघाली, किती जणांना शस्त्रक्रियेनंतर नवा लुळेपणा, बोलण्यातला किंवा दिसण्यातला दोष राहिला, आणि किती जणांवर किती वर्षे लक्ष ठेवले गेले. असे लेखन कसे असावे याचा जुना आणि आजही वाचण्यासारखा नमुना अमेरिकी शल्यविशारद हार्वे कुशिंग यांचा आहे. त्यांनी १९१७ मध्ये श्रवणाच्या मज्जातंतूवरील गाठींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा या शस्त्रक्रियेत रुग्ण दगावणे ही नित्याची गोष्ट होती, आणि गाठ समूळ काढण्याचा हट्ट सोडून ती आतून पोखरून लहान करण्याचा सावध मार्ग त्यांनी मांडला. पुढे १९३२ मध्ये त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली निदान पक्के झालेल्या दोन हजार गाठींचा हिशेब प्रसिद्ध केला, आणि शस्त्रक्रियेतील मृत्यूंच्या टक्केवारीचा उल्लेख त्या पुस्तकाच्या शीर्षकातच केला. १९३८ मधील मेनिन्जिओमावरील, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या गाठीवरील, ग्रंथाच्या उपशीर्षकातही ‘शस्त्रक्रियेचे अंतिम परिणाम’ आहेत. आपल्या हातून किती माणसे गेली हे मुखपृष्ठावर छापण्याची ही रीत पुढे सर्वांनी उचलली असती तर आपल्यासारख्या वाचकांचे काम फार सोपे झाले असते.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. हा हिशेब शक्य झाला तो लुईझ आयझेनहार्ट यांच्यामुळे. कुशिंग यांच्या गाठींची तपासणी आणि नोंदवही त्या सांभाळत, १९३८ च्या ग्रंथाच्या त्या सहलेखिका होत्या, आणि ‘जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी’ १९४४ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याच्या पहिल्या संपादक त्याच होत्या. कुशिंग यांचे नाव वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. आयझेनहार्ट यांचे फार थोड्यांना.

आपल्या प्रश्नाकडे परत येतो. दोन्ही डॉक्टरांना समोरासमोर विचारावे : अशा गाठीच्या शस्त्रक्रिया आपण वर्षाला साधारण किती करता, आणि त्यांत काय काय बिघडते? चार-पाचच निबंध असलेला शल्यविशारद या प्रश्नाला स्पष्ट आकड्यांत उत्तर देत असेल आणि शंभर निबंधांचा धनी तो प्रश्न टाळत असेल, तर मी पहिल्याकडे जाईन.

प्रश्न : वडिलांना (वय ५८) ग्लायोब्लास्टोमा झाला आहे. २००५ च्या एका प्रसिद्ध निबंधात १४.६ महिने हा आकडा वाचला. त्यांच्या हाती तेवढेच दिवस आहेत असे समजायचे का?

उत्तर : ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा वेगाने वाढणारा कर्करोग आहे, आजार गंभीर आहे, आणि त्याचे गांभीर्य कमी करून सांगणे आपल्यावर अन्याय ठरेल. तरीही आपण त्या आकड्याचा जो अर्थ लावला आहे, तो त्या निबंधाचा नाही.

रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांची ही चाचणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. त्यात ८५ केंद्रांतील ५७३ रुग्ण होते, वय १८ ते ७०. एका गटाला केवळ किरणोपचार दिले. दुसऱ्या गटाला किरणोपचारांच्या काळात रोज टेमोझोलोमाइड हे तोंडावाटे घ्यायचे औषध आणि नंतर त्याची सहा आवर्तने दिली. कोण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरांनी ठरवले नाही, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरले; म्हणून दोन्ही गट तुलनेला योग्य मानता येतात. पहिल्या गटाचा मध्यक १२.१ महिने आणि दुसऱ्याचा १४.६ महिने निघाला. मध्यक म्हणजे गटातील निम्मी माणसे ज्या क्षणापर्यंत हयात होती तो क्षण. उरलेली निम्मी त्यापुढे जगली, आणि ती कुठवर जगली हे या एका आकड्यातून कळतच नाही.

ते कळण्यासाठी त्याच निबंधातील आलेख उजव्या टोकापर्यंत पाहावा लागतो. दोन वर्षांनी केवळ किरणोपचार घेतलेल्या गटातील १०.४ टक्के आणि औषधही घेतलेल्या गटातील २६.५ टक्के रुग्ण हयात होते. पुढे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात पाच वर्षांचे आकडे अनुक्रमे १.९ आणि ९.८ टक्के आले. मध्यकात अडीच महिन्यांचाच फरक दिसतो आणि वाचणारा निराश होतो. पण दोन वर्षे गाठणाऱ्यांचे प्रमाण अडीचपट झाले होते, आणि म्हणूनच ही पद्धत जगभर रूढ झाली.

कोण कोणत्या टोकाला असेल याचा काही अंदाज गाठीच्या तपासणीतून येतो. त्याच अंकात मोनिका हेगी आणि सहकाऱ्यांचा जोडनिबंध होता. पेशीतील एमजीएमटी हे जनुक अशा औषधाने झालेली इजा दुरुस्त करणारे प्रथिन बनवते. काही गाठींत मिथायलेशनमुळे (जनुकावर बसलेल्या रासायनिक खुणेमुळे) ते जनुक निद्रिस्त असते, आणि मग औषधाचा मारा अधिक लागू पडतो. ज्यांचे जनुक असे बंद होते त्यांच्यात औषध मिळालेल्यांचा मध्यक २१.७ महिने आणि केवळ किरणोपचाराच्या गटात ठेवलेल्यांचा १५.३ महिने होता. ज्यांचे जनुक चालू होते त्यांच्यात हा फरक १२.७ आणि ११.८ असा अगदी थोडा राहिला.

म्हणून वडिलांच्या डॉक्टरांना विचारायचे ते असे : एमजीएमटी तपासले आहे का, गाठ किती प्रमाणात निघाली, आणि वडील सध्या स्वतःची कामे स्वतः करू शकतात का, कारण या तिन्हींचा परिणाम पुढच्या वाटचालीवर होतो. वेदना, झटके, झोप आणि बोलणे यांकडे लक्ष देणाऱ्या परिहारक सेवेची चौकशीही आताच करावी. उपचार संपल्यावर तिकडे वळायचे अशी समजूत आहे. ती चुकीची आहे.

प्रश्न : माझ्या गाठीचे नाव २०११ च्या अहवालात ‘ऑलिगोअ‍ॅस्ट्रोसायटोमा’ असे होते. आता त्याच जतन केलेल्या नमुन्याची पुन्हा तपासणी झाली तर ‘आयडीएच-उत्परिवर्तित अ‍ॅस्ट्रोसायटोमा’ असे आले. पहिले निदान चुकले होते का?

उत्तर : बहुधा नाही. दोन्ही नावे ग्लायोमाच्या प्रकारांची आहेत; नियम बदलले. ग्लायोमांची पहिली व्यवस्थित मांडणी पर्सिव्हल बेली आणि कुशिंग यांनी १९२६ मध्ये केली, आणि ती पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात यावर होती. जागतिक आरोग्य संघटनेचे पहिले वर्गीकरण १९७९ मध्ये आले. तेही दिसण्यावरच होते. दोन प्रकारच्या पेशी मिसळलेल्या दिसल्या की मिश्र नाव देत, आणि एकाच काचपट्टीवर दोन निष्णात तज्ज्ञांचे एकमत होईलच अशी खात्री नसे. ग्लायोब्लास्टोमांतील आयडीएच१ या जनुकातील बदल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानंतर चित्र पालटले. २०१६ च्या आणि नंतर २०२१ च्या वर्गीकरणात जनुकीय खुणा निदानाचाच भाग झाल्या. आयडीएच बदललेले आणि सोबत १पी व १९क्यू हे गुणसूत्रांचे दोन तुकडे गळलेले असतील तर ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा. आयडीएच बदललेले पण ते तुकडे शाबूत असतील तर अ‍ॅस्ट्रोसायटोमा. मधल्या मिश्र नावाला जागाच उरली नाही.

याचा जुने निबंध वाचताना मोठा परिणाम होतो, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. २०१६ पूर्वीच्या चाचण्यांत ‘ग्लायोब्लास्टोमा’ म्हणून घेतलेल्या रुग्णांत आज ज्यांना श्रेणी ४ ची (श्रेणी जितकी वरची तितकी गाठ आक्रमक) आयडीएच-उत्परिवर्तित अ‍ॅस्ट्रोसायटोमा म्हटले जाईल असेही काही जण होते, आणि त्यांची वाटचाल सहसा बरी असते. उलट, आज आयडीएच न बदललेल्या काही गाठी सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसूनही जनुकीय खुणांवरून ग्लायोब्लास्टोमा ठरतात. त्यामुळे १९९५ चा आणि २०२३ चा आकडा शेजारी ठेवून ‘प्रगती’ मोजणे धोक्याचे आहे. दोन्ही ठिकाणी नाव एक असले तरी माणसे वेगळी आहेत.

आपल्या बाबतीत या नव्या नावाचा व्यावहारिक उपयोगही आहे. श्रेणी २ च्या आयडीएच-उत्परिवर्तित गाठींत, शस्त्रक्रियेनंतर लगेच किरणोपचार किंवा केमोथेरपी द्यायची नसेल अशा ३३१ रुग्णांवर व्होरासिडेनिब या औषधाची चाचणी झाली. २०२३ च्या त्या निबंधात गाठ पुढे न सरकता गेलेल्या काळाचा मध्यक औषधाच्या गटात २७.७ महिने आणि औषधाविना ११.१ महिने होता, आणि अमेरिकेत त्या औषधाला ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता मिळाली. रुग्ण किती अधिक जगतील याचे उत्तर त्या निबंधाने दिलेले नाही. तो त्याचा मुख्य प्रश्नच नव्हता.

प्रश्न : तीन महिन्यांनी घ्यायच्या गर्भनिरोधक इंजेक्शनाने मेंदूत गाठ होण्याचा धोका साडेपाच पट वाढतो, अशी बातमी वाचली. मी ते इंजेक्शन दीड वर्ष घेतले आहे. मला झोप येत नाही.

उत्तर : बातमी ज्या निबंधावरून आली तो फ्रान्समधील आहे आणि ‘बीएमजे’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झाला. मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी आणि बहुतेक वेळा सौम्य असलेली गाठ, शस्त्रक्रिया करून काढावी लागलेल्या १८,०६१ महिला त्यांनी घेतल्या, आणि तशी शस्त्रक्रिया न झालेल्या ९०,३०५ महिलांशी त्यांची तुलना केली. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन, म्हणजे बातमीतले तीन महिन्यांचे गर्भनिरोधक, घेतलेल्या महिला पहिल्या गटात ९ आणि दुसऱ्या गटात ११ सापडल्या. साडेपाच पट हा आकडा या ९ आणि ११ मधून, इतर घटकांचा हिशेब करून, निघाला आहे. मोजकी माणसे असली की उत्तर अस्पष्ट राहते, आणि ते लेखकांनी लपवलेले नाही : खरा आकडा साधारण २.३ पट ते १३.६ पट यांच्या दरम्यान कुठेही असू शकेल असे त्यांनी लिहिले आहे.

हा संबंध खोटा आहे असे मी म्हणत नाही. मेनिन्जिओमाच्या पेशींवर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा संदेश पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात, ही गाठ स्त्रियांत अधिक आढळते, आणि सायप्रोटेरॉनसारख्या त्याच कुळातील काही औषधांशी तिचा संबंध आधीच दिसून आला होता. तेव्हा निष्कर्ष विश्वासार्ह वाटतो. पण पट कशाची, हे विचारायला हवे. मुळातला धोका अत्यल्प असेल तर त्याची पाचपटही अल्पच राहते. गाठीची शस्त्रक्रिया झालेल्या दर दहा हजार महिलांमध्ये हे इंजेक्शन घेतलेल्या सुमारे पाच होत्या; उरलेल्यांच्या गाठीचा या इंजेक्शनाशी काही संबंधच नव्हता.

शिवाय वाढलेला धोका एक वर्षाहून अधिक काळ वापरणाऱ्यांत दिसला, आणि त्याच निबंधात लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणाऱ्या गर्भाशयातील साधनाने धोका वाढल्याचे आढळले नाही. आपण दीड वर्ष इंजेक्शन घेतले असल्याने पुढे दुसरी पद्धत घ्यावी का, हे आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवावे. डोकेदुखीचे स्वरूप नव्याने बदलले, नजर कमी होऊ लागली किंवा झटका आला, तर तपासणी करावीच. तशी काही लक्षणे नसताना केवळ या बातमीपायी एमआरआय करून घेण्याची गरज मला दिसत नाही.

प्रश्न : मोबाइल फोनमुळे मेंदूत गाठ होते की नाही? एका वाक्यात उत्तर द्यावे.

उत्तर : आजवरच्या पुराव्यावरून होत नाही असे दिसते. एक वाक्य अधिक खर्च करतो : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले ते मुख्यतः रुग्णांना त्यांचा जुना वापर आठवायला सांगणाऱ्या अभ्यासांवरून, आणि जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या पद्धतशीर आढाव्यात असा संबंध आढळला नाही.

प्रश्न : कानाच्या मज्जातंतूवर सव्वा सेंटिमीटरची गाठ आहे. एक डॉक्टर म्हणतात किरणांची रेडिओसर्जरी आताच करा, दुसरे म्हणतात दर वर्षी एमआरआय करून नुसती पाहत राहू. गाठ असताना नुसते थांबणे हा उपचार कसा असू शकतो?

उत्तर : या गाठीला वेस्टिब्युलर श्वानोमा म्हणतात. ती मज्जातंतूवरील आवरणाच्या पेशींतून येते, कर्करोग नसते, सावकाश वाढते आणि अनेकांत वर्षानुवर्षे वाढतही नाही. आपला पेच जसाच्या तसा नॉर्वेतील एका चाचणीने हाताळला. निबंध २०२३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. नुकतेच निदान झालेले, दोन सेंटिमीटरहून लहान गाठीचे १०० रुग्ण चिठ्ठीने दोन गटांत वाटले. चार वर्षांनी लगेच रेडिओसर्जरी केलेल्यांच्या गाठीचे आकारमान मूळच्या सरासरी ०.८७ पट, म्हणजे थोडे कमी, आणि थांबलेल्यांचे १.५१ पट झाले होते.

एवढेच वाचले तर निकाल स्पष्ट वाटतो. पण गाठीचे आकारमान रुग्णाला जाणवत नाही. त्याला जाणवते ते ऐकू येणे, तोल, चेहऱ्याची हालचाल आणि रोजचे जगणे. या बाबतींत दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही, आणि थांबलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिकांना त्या चार वर्षांत कोणताच उपचार घ्यावा लागला नाही. थोडक्यात, आपले दोन्ही डॉक्टर एकच निबंध हाती घेऊन भांडत असण्याची शक्यता आहे, आणि दोघेही त्यातले खरेच सांगत आहेत.

कोणाचे ऐकावे हे आपल्यावरही अवलंबून आहे. डोक्यात वाढणारी गाठ आहे या विचाराने एखाद्याचे दिवस नासतात. एखाद्याला वर्षातून एकदा यंत्रात झोपून येणे अजिबात जड जात नाही. ऐकू येणे मात्र दोन्ही मार्गांनी हळूहळू कमी होऊ शकते, हे दोन्ही डॉक्टरांनी सांगितले नसेल तर विचारून घ्यावे. आणि थांबायचे ठरवले तर तपासण्या चुकवू नयेत, कारण त्या चाचणीत थांबलेला गट देखरेखीखाली होता, घरी विसरून बसलेला नव्हता.

प्रश्न : नातीला (वय ७) न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ आहे आणि मानेजवळ पसरलेली गाठ आहे. सेल्युमेटिनिब या औषधाने ७० टक्के मुलांत फरक पडतो असे कळले. म्हणजे १०० पैकी ७० मुले बरी होतात असे समजावे का?

उत्तर : नाही, पण निबंध खरोखर आशादायक आहे, म्हणून तो नीट समजून घेऊ.

मज्जातंतूंवर गाठी आणणाऱ्या या जनुकीय विकाराचे वर्णन जर्मन वैद्य फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये केले. त्याचे जनुक १७ व्या गुणसूत्रावर असल्याचे १९८७ मध्ये आणि ते नेमके कोणते हे १९९० मध्ये समजले. सुमारे तीन हजारांत एकाला तो होतो, आणि जवळजवळ निम्म्या मुलांत घराण्यात आधी कोणालाही नसताना नव्याने उद्भवतो. तेव्हा ‘कोणाकडून आले’ या वादात घरच्यांनी पडू नये. या जनुकापासून बनणारे न्यूरोफायब्रोमिन हे प्रथिन पेशीच्या वाढीच्या संदेशाला लगाम घालते. तो लगाम सुटला की संदेश पुढे पुढे जात राहतो, आणि सेल्युमेटिनिब त्या साखळीतील एमईके नावाचा दुवा अडवते. म्हणजे जनुक सापडल्यापासून त्यावर बेतलेले औषध मुलांच्या हाती येईपर्यंत तीस वर्षे गेली.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्यांची गाठ शस्त्रक्रियेने काढता येत नव्हती आणि त्रास देत होती, अशी ५० मुले होती. त्यांपैकी ३५ जणांत, म्हणजे ७० टक्क्यांत, ‘अंशतः प्रतिसाद’ पक्का झाला, आणि अंशतः प्रतिसादाची व्याख्या गाठीचे आकारमान किमान २० टक्क्यांनी कमी होणे अशी होती. गाठ नाहीशी होणे ही अपेक्षाच नव्हती. पाचवा हिस्सा कमी झाला तर काय मोठेसे, असे वाटेल. पण ही गाठ लहान वयात भराभर वाढते, आपणहून क्वचितच लहान होते, आणि श्वासनलिकेला किंवा मज्जारज्जूला खेटून असेल तर थोडी जागा मोकळी होणेही मोलाचे ठरते. अनेक मुलांच्या वेदना कमी झाल्या आणि हालचाल सुधारली, हे मला आकारमानाइतकेच महत्त्वाचे वाटते. या अभ्यासात औषध न दिलेला गट नव्हता. औषधाविना अशा गाठी कशा वाढतात याच्या आधीच्या नोंदींशी तुलना करण्यात आली. या दुर्मीळ आजारात ते समजण्यासारखे आहे, तरी दोन गटांच्या चाचणीइतके ते भक्कम नव्हे.

औषध दीर्घकाळ घ्यावे लागते. जुलाब, अंगावर पुरळ, नखांभोवती सूज व पू होणे हे त्रास सर्रास होतात, आणि हृदयाचे कार्य व डोळे यांची ठरावीक अंतराने तपासणी करावी लागते. औषध चालू असो वा नसो, एक गोष्ट घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावी : एखादी जुनी गाठ अचानक वेगाने वाढू लागली, टणक झाली, किंवा रात्रीही न थांबणारी वेदना देऊ लागली, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे, कारण या विकारात काही जणांच्या गाठीचे पुढे कर्करोगात रूपांतर होते.

प्रश्न : बेव्हॅसिझुमॅब ग्लायोब्लास्टोमात आयुष्य वाढवत नाही असे मी दोन निबंधांत वाचले. तरी माझ्या बहिणीला न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार २ साठी तेच औषध सुचवले आहे. निरुपयोगी ठरलेले औषध पुन्हा का?

उत्तर : ते दोन निबंध आपण अचूक वाचले आहेत. २०१४ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या त्या मोठ्या चाचण्यांत नव्याने निदान झालेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारासोबत हे औषध दिले, आणि एकूण आयुष्यात फरक पडला नाही. त्यांपैकी एका चाचणीत मध्यक औषधासह १६.८ आणि औषधाविना १६.७ महिने होते. गंमत अशी की त्याच चाचणीत ‘गाठ पुढे सरकण्याआधीचा काळ’ मात्र ६.२ वरून १०.६ महिन्यांवर गेला होता. हे औषध नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीचा संदेश अडवते आणि गळक्या वाहिन्यांची गळती कमी करते. त्यामुळे सूज उतरते, एमआरआयवर गाठ उजळ दिसेनाशी होते, आणि चित्र जितके सुधारलेले दिसते तितका आजार सुधारलेला असतोच असे नाही.

बहिणीचा आजार वेगळा आहे. त्यात २२ व्या गुणसूत्रावरील जनुक बिघडलेले असते, गाठी सौम्य असतात, पण दोन्ही कानांच्या मज्जातंतूंवर त्या येत असल्याने तरुण वयातच पूर्ण बहिरेपणाची भीती असते. (अलीकडे या आजाराचे नावही बदलून ‘एनएफ२-संबंधित श्वानोमॅटोसिस’ केले गेले आहे, अहवालात तसे दिसले तर गोंधळू नये.) येथे औषधाकडून आयुष्य वाढवण्याची नव्हे, ऐकू येणे टिकवण्याची अपेक्षा असते. स्कॉट प्लॉटकिन आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधील निबंधात केवळ १० रुग्ण होते. त्यांपैकी ९ जणांची गाठ लहान झाली, आणि ज्यांचे ऐकणे मोजता आले अशा ७ पैकी ४ जणांचे सुधारले. दहा रुग्णांवरून एरवी मी कोणालाही काही घ्यायला सांगणार नाही. पण या गाठींमुळे गेलेले ऐकू येणे आपणहून परत येणे अपेक्षित नसते, त्यामुळे चौघांचे सुधारले याला येथे एरवीपेक्षा अधिक वजन आहे.

औषध शिरेतून द्यावे लागते. ते चालू असेपर्यंत रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने तपासत राहावी लागतात, जखमा भरायला वेळ लागतो म्हणून कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर औषध आधी थांबवावे लागते, आणि बंद केल्यावर गाठ पुन्हा वाढू शकते. गर्भधारणेचा विचार असेल तर बहिणीने तो पहिल्या मात्रेआधीच डॉक्टरांना सांगावा. सुरुवात करण्यापूर्वी श्रवणचाचणी, विशेषतः शब्द किती ओळखता येतात याची, लेखी नोंदवून घ्यावी, म्हणजे सहा महिन्यांनी उपयोग झाला की नाही हे एमआरआयच्या चित्रावरून नव्हे तर तिच्या ऐकण्यावरून ठरवता येईल.